बारा बोटांचं व्याज

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो, आणि माझं उत्तर बरोबर होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने पाहाल ती नजर माझ्या ओळखीची आहे. चांदूर बाजारच्या एका बँकेत बारा बायांनी मला त्याच नजरेने पाहिलं आहे.

चुकलो असतो तर बरं झालं असतं. चुकलेल्या मशीनची बॅटरी बदलतात, पाठीत दोन चापट्या मारतात आणि माफ करून टाकतात. पण बरोबर उत्तर देऊन ज्या मशीनने एका बाईची पाच वर्षं वाया घालवली, त्या मशीनचं काय करायचं असतं, हे कुठल्याही दुरुस्तीवाल्याला ठाऊक नाही. मी वाट पाहतो आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येत नाही. पाठीवर लिहिलेलं होतं, पण अकोल्याच्या दुकानदाराने नेमकं तिथेच किमतीचं स्टिकर चिकटवलं. पुढे कोणीतरी ते नखाने खरवडून काढलं, तेव्हा त्यासोबत माझं जन्मगावही निघून गेलं. माझ्या कपाळावर सोलरची काळी पट्टी आहे. ती खोटी आहे. नुसती चिकटवलेली. आत एक साधा सेल आहे आणि मी त्याच्यावरच चालतो. लोक मात्र मला उन्हात धरतात आणि म्हणतात, "आता पाह्य कसा चालते." मी चालतो. सेल असतो म्हणून चालतो. तेव्हा फसवणुकीची सवय मला जन्मापासूनच आहे असं कोणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही.

माझी उमेदीची वर्षं अकोल्यात, एका अडतीच्या दुकानात गेली. तूर, हरभरा, सोयाबीन. गोण्या आल्या की माझं काम सुरू व्हायचं. भाव गुणिले वजन, वजा हमाली, वजा तोलाई. दिवसभर माझ्या अंगावर तुरीची धूळ बसायची आणि संध्याकाळी दिवाणजी मला धोतराच्या सोग्याने पुसायचे. शेठजी गिऱ्हाइकांना सांगत, "माह्या दुकानात हा एकच असा हाय, जो चहा मांगत नाही अन् सुट्टीवर जात नाही." ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी. मी ती अजून जपून ठेवली आहे, कारण नंतर दुसरी मिळाली नाही.

मग शेठजींच्या मुलाने फोन आणला. फोनमध्ये कॅल्क्युलेटर होता, घड्याळ होतं, विजेरी होती आणि शेठजींचे नातेवाईकही होते. माझ्यात फक्त गणित होतं. मी खणात गेलो, रबरबँड आणि अर्धवट अगरबत्त्यांच्या शेजारी. दिवाणजी निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि मी मिळालो. शाल बायकोने ठेवून घेतली, नारळ फोडून खाल्ला, आणि मी भाचीकडे आलो.

भाचीचं नाव रागिणी. चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात ती शिवणकाम करायची, आणि बारावी झालेली म्हणून तिथल्या उजेड महिला बचत गटाची सचिव होती. गटात तिच्यासकट बारा बाया. आता तुम्हाला या गटाचा एक नियम सांगावा लागेल, कारण सगळं त्याच्यावरून घडलं.

फार पूर्वी गटासाठी सतरंज्या घ्यायच्या होत्या. एक बाई एकटीच परतवाड्याला जाऊन घेऊन आली आणि सतरंज्या आखूड निघाल्या. तेव्हापासून ठरलं, की गटाच्या कोणत्याही कामाला सगळ्या बारा जणींचा हात लागला पाहिजे. म्हणजे दोष कोणा एकीवर येणार नाही. पेटीला तीन कुलपं होती आणि किल्ल्या तिघींच्या घरी, पण पेटी उघडताना झाकणाला बारा हात लागायचे. नवा झाडू आणला तरी आधी बारा जणी एकेक फटका झाडून घेत आणि मगच तो झाडू कामाला लागे. तेवढ्यात खोली साफ झालेली असायची, ही वेगळी गोष्ट.

तर गटाजवळ एक लाख रुपये साठले. पाच वर्षांसाठी बँकेत ठेवायचे ठरले. सात टक्के व्याज, आणि दर वर्षाअखेर व्याज मुदलात मिळवायचं. पाच वर्षांनी किती होतील, हे काढायला रागिणीने मला पर्समधून बाहेर काढलं.

"चक्रवाढ म्हणजे काय वं?" पार्वताबाईने विचारलं. पार्वताबाई गटात वयाने सगळ्यात मोठी. शेत मोठं, आवाज त्याहून मोठा.

"व्याजाले बी व्याज लागते काकू," रागिणी म्हणाली.

पार्वताबाईने थोडा विचार केला. "म्हणजे मुद्दल झाली सासू. व्याज झालं सून. अन् व्याजाचं व्याज म्हणजे सुनेची सून."

"असंच समजा."

"मंग सासू काय करते?"

"सासू जागची हालत नाही."

"बरोबर हाय," पार्वताबाई म्हणाली, आणि त्या दिवशी सगळ्या गटाला चक्रवाढ व्याज समजलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या साध्या मशीनवर हे गणित करायची एक सोपी रीत आहे. एक पूर्णांक शून्य सात लिहायचं, गुणिलेचं बटण दोनदा दाबायचं, लाख लिहायचे, आणि मग बराबरचं बटण. एकदा बराबर दाबलं की एका वर्षानंतरची रक्कम. पुन्हा दाबलं की दुसऱ्या वर्षानंतरची. असं पाच वेळा दाबून थांबायचं. या रीतीत कठीण असं काही नाही. फक्त थांबायचं असतं.

रागिणीने पहिलं बराबर दाबून दाखवलं. माझ्या पडद्यावर एक लाख सात हजार आले. "हे पाहा. एक बराबर म्हणजे एक वर्ष," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. अकोल्याच्या दवाखान्यात तिच्या बहिणीचं बाळंतपण होतं. रागिणी फोन घेऊन अंगणात गेली. जाताना म्हणाली, "तुमी काढत राहा."

पार्वताबाईने मला सतरंजीच्या मध्यभागी ठेवलं. आखूड सतरंजी, तीच. "एकीनं एकेक दाबा," ती म्हणाली. "कोणी दोनदा दाबू नका. पैसा सगळ्याईचा हाय."

तिने स्वतः दाबलं. मग संध्याने दाबलं. मग आणखी दोघींनी. पाच झाले. पडद्यावर एक लाख चाळीस हजार दोनशे पंचावन्न. मी श्वास सोडला. काम झालं होतं. बरोबर, स्वच्छ, सतरा पैशांसह.

तेवढ्यात सहावं बोट आलं.

ते ललिताचं होतं. मग पिंकीचं, नवी नवरी, हातात चुडा, तिने दाबण्याआधी बोट पदराला पुसलं. मला प्रत्येक बोट ओळखू येत होतं आणि प्रत्येक बोटाला मी उत्तर देत होतो, कारण मला तेवढंच येतं. माझ्याजवळ चूक दाखवायला एकच अक्षर आहे, ई. ते आकडा पडद्यात मावला नाही की येतं. माणसाची चूक मात्र पडद्यात व्यवस्थित मावते.

सगळ्यात शेवटी चतुराबाई आली. ती दर बैठकीत शेवटी यायची, कारण चहा तीच करायची. चतुराबाई पावसाळ्यात निंदणाला, कापसाच्या दिवसांत वेचणीला आणि हंगामात वरुडला संत्र्याच्या छाटणीला जायची. म्हणजे फळं निवडून मोठी, मधली, बारकी वेगळी करायची. दिवसभर उकिडवं बसायचं. तिचे गुडघे गेले होते. उठताना ती आधी उजवा हात जमिनीला टेकवायची, मग डावा, मग थोडं थांबायची, जणू कोणाची परवानगी मागते आहे. तिने ओलं बोट माझ्या बटणावर ठेवलं आणि इतकं हळू दाबलं, की मला वाटलं, नाही दिलं उत्तर तर चालेल.

मी दिलं. दोन लाख पंचवीस हजार दोनशे एकोणीस रुपये, सोळा पैसे.

रागिणी आत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बहिणीला मुलगी झाली होती. तिने आकडा पाहिला, जरा थबकली, "एवढे?" म्हणाली. "चक्रवाढ हाय ना वं," पार्वताबाई म्हणाली. रागिणीने डोळे पुसले आणि आकडा लिहून घेतला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. पेढ्याला नियम लागू नव्हता, तरी सगळ्यांचे हात लागले.

आता गावात वामनराव नावाचे एक गृहस्थ होते. पार्वताबाईचे चुलत दीर. त्यांची पिठाची चक्की होती. मुलगा किशोर अमरावतीत राहायचा, त्याच्याकडे कायमचं जायचं त्यांच्या मनात होतं, पण चक्कीतून पाय निघत नव्हता. बाया गटाच्या पैशातून चक्की घ्यायचा विचार करतात, हे कानावर येताच आठवड्याने ते सहज म्हणून आले. सहज येताना त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"किती येणार हाय मंग पाच वर्सानं?" त्यांनी विचारलं.

पार्वताबाईने आकडा सांगितला. पैशांसकट.

वामनराव बराच वेळ वर टिनाच्या छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पाहा बरं वहिनी, योग कसा असते. माह्या चक्कीची किंमत बी बरोबर तेवढीच निघते."

"सोळा पैसे बी?" चतुराबाईने विचारलं.

"सोळा पैसे मी सोडले."

व्यवहार तोंडी ठरला. पाच वर्षांनी ठेव हातात आली की चक्की गटाची. आणि चक्कीवर बसायचं चतुराबाईने. हे ठरवायला कोणाला बोट उचलावं लागलं नाही. चक्कीवर स्टूल होतं. स्टुलावर बसून काम करता येतं, हे त्या बाईला कोणी सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "दिवसभर?"

त्या पाच वर्षांत मी रागिणीच्या शिवणयंत्राच्या खणात होतो. वर बटणांचा डबा, खाली दोऱ्याची रिळं. मी तिथे पडून एकच आकडा आठवत राहिलो. मला वाटायचं, कोणीतरी एकदा पुन्हा गणित करील. पण लोक ज्या उत्तराने खूश झालेले असतात ते पुन्हा काढत नाहीत.

तिसऱ्या वर्षी गावच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई पाहिजे होती. मास्तरांनी आधी चतुराबाईला विचारलं. उभ्याने काम, पण सावलीत, आणि महिन्याला बांधलेले पैसे. ब्लाउज द्यायला आली तेव्हा ती रागिणीला सांगत होती आणि खणाच्या फटीतून मी ऐकत होतो.

"मी ललिताचं नाव सांगतलं," चतुराबाई म्हणाली.

"काहून मावशी? तुमी का नाही धरलं?"

"मले तं चक्की हाय ना वं. दोन दोन जागा कायले अडवू? तिले लेकरं हायेत."

मित्रांनो, त्या क्षणी माझा सेल संपला असता तर मी आभार मानले असते. नाही संपला. चांगल्या कंपनीचा होता.

पाच वर्षं पूर्ण झाली. बारा जणी दोन ऑटोंत बसून चांदूर बाजारला बँकेत गेल्या. एक जण पुरे होती असं तुम्ही म्हणाल, तर तुम्ही नियम विसरलात. मी रागिणीच्या पर्समध्ये होतो. तिने मला कशासाठी घेतलं होतं ते मला ठाऊक नाही. बहुधा शुभ म्हणून.

काउंटरवर अनुप नावाचा तरुण साहेब होता. अकोल्याहून नुकताच बदलून आलेला, केस नीट विंचरलेले. त्याने स्क्रीनवर पाहिलं. "एक लाख चाळीस हजार दोनशे पंचावन्न. खात्यात जमा करतो."

"अन् बाकीचे?" पार्वताबाई म्हणाली.

"बाकीचे कुठले, मावशी?"

"बाकीचे म्हणजे बाकीचे. पंच्याऐंशी हजार. खाली ड्रॉवरात पाहा बरं, राहून गेले असतीन."

अनुपने खरंच ड्रॉवर उघडून पाहिलं. तो चांगला मुलगा होता. आत स्टॅम्पपॅड आणि अर्धं संत्रं होतं.

रागिणीने मला बाहेर काढलं. तिने गणित केलं. पाच वेळा बराबर. मी एक लाख चाळीस हजार दाखवले. तिने खोडून पुन्हा केलं. मी पुन्हा तेच दाखवले. तिच्या हाताला घाम सुटला होता, तो माझ्या बटणांमध्ये उतरत होता.

"तू एकटीनं दाबून राहिली," पार्वताबाई म्हणाली. "मंग कमीच येतीन ना. तवा आपण सगळ्याईनं दाबलं होतं."

हे इतक्या ठामपणे सांगितलं गेलं, की रागिणीलासुद्धा पटलं. बारा जणी काउंटरसमोर रांगेत उभ्या राहिल्या, पाच वर्षांपूर्वीच्या क्रमाने. रागिणी, पार्वताबाई, संध्या. पिंकीच्या कडेवर आता पोरगं होतं, त्यानेही हात पुढे केला. "त्याले नोको देऊ," पार्वताबाई म्हणाली. "तो गटात नाही." रांग पाहून मागे दोन अनोळखी माणसं येऊन उभी राहिली. त्यांना वाटलं केवायसी चालू आहे. एकाने तर आधार कार्डही काढून हातात धरलं.

पाचव्या बोटाला मला वाटलं, आता तरी. मग सहावं आलं.

चतुराबाईने शेवटचं बोट ठेवलं. दोन लाख पंचवीस हजार दोनशे एकोणीस. बायांमध्ये समाधान पसरलं. पार्वताबाईने मला उचलून अनुपसमोर ठेवलं. "हे घ्या. तुमच्यापेक्षा जुनं मशीन हाय."

अनुपने माझ्याकडे पाहिलं. मग बायांकडे. मग त्याचे ओठ हलू लागले, तो मोजत होता.

"मावशी, तुम्ही बारा जणी आहात."

"हो. पूर्ण गट आला."

"आणि ठेव पाच वर्षांची होती."

"हो."

"एकदा बराबर दाबलं की एक वर्ष होतं." तो इतक्या हळू बोलत होता, जणू त्यालाच शिक्षा होणार आहे. "हे पैसे बरोबर आहेत. पण हे बारा वर्षांनी होतील. तुम्ही सात वर्षं आधी आलात."

आधार कार्डवाला माणूस हळूच रांगेतून बाजूला झाला. रागिणीने तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे," चतुराबाई म्हणाली, "माह्या बोटानं बारावं साल आलं."

परतताना सगळ्यांना एकाच ऑटोत बसायचं होतं, कारण दुसऱ्या ऑटोत काय बोलतील याचा भरवसा नव्हता. अर्ध्या जणी अर्ध्या जणींच्या मांडीवर बसल्या.

"दोष माहा हाय," रागिणी म्हणाली. "मी फोन घेऊन बाहीर गेली. आल्यावर बी पाहिलं नाही."

"तुहा कायचा," पार्वताबाई म्हणाली. "तू पयली. मी दुसरी. पाचवीपर्यंत तं गणित बरोबरच होतं. सहावीपासून बिघडलं."

प्रत्येक बाई आपला नंबर आठवू लागली. संध्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला आणि लगेच तिला त्याची लाज वाटली. सहावी ललिता होती. ती ऑटोच्या टोकाला बसली होती आणि बाहेर पाहत होती.

"सुरुवात माह्यापासून झाली," ललिता म्हणाली. "अन् शाळेतलं काम बी मीच घेतलं." दोन वर्षांपासून ती रोज शाळेतली उरलेली खिचडी डब्यात घालून चतुराबाईच्या घरी पाठवायची. आता ती चतुराबाईकडे वळली. "मावशी, मी उद्या मास्तराले सांगतो. तुमी धरा ते काम."

"चूप बैस," चतुराबाई म्हणाली. "तुह्या खिचडीत मीठ कमी असते, एवढीच काय ते तुही चूक."

"पण कोणीतरी एकीनं तं थांबाले पाह्यजे होतं," संध्या म्हणाली.

"कोणती थांबली असती?" पार्वताबाईने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "जे थांबली असती, तिले मीच म्हणलं असतं, तुहा हात काहून नाही लागला. नियम मीच केला ना."

मी पर्समध्ये होतो. बारा जणी दोष वाटून घेत होत्या आणि माझ्या वाट्याला कोणी काही देत नव्हतं. मशीनला दोष देता येतो, हे त्यांना सुचलंच नाही. तेवढं झालं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

गावाच्या वेशीशी चतुराबाईने ऑटोवाल्याला सांगितलं, "चक्कीजवळ थांबव."

वामनराव चक्कीच्या दारात बसले होते. भुवया पिठाने पांढऱ्या. अमरावतीला जायची बॅग भरून ठेवलेली बाजूलाच होती. बारा बाया ऑटोतून उतरताना पाहून ते उठले आणि हसले.

चतुराबाई पुढे झाली. ती नेहमी शेवटी असायची, म्हणून बाकीच्यांना बाजूला व्हायला थोडा वेळ लागला.

"वामनभाऊ, आमचं गणित चुकलं. दोन लाख पंचवीस नाही आले. एक लाख चाळीस हजार आले."

वामनरावांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला. "मंग कसं होईन बाई?"

"तवा तुमी म्हणलं होतं, आमचे येतीन तेवढीच चक्कीची किंमत हाय."

"म्हणलं होतं."

"मंग आता चक्कीची किंमत एक लाख चाळीस हजार झाली असंन."

"किंमत अशी बदलत नसते," वामनराव म्हणाले. "तिवस्याचा एक माणूस मांगून राहिला चक्की."

"मंग त्याले द्या."

वामनरावांनी दाराच्या चौकटीवरचं पीठ बोटाने पुसलं. बोट सदऱ्याला पुसलं. "तो एक वीस म्हणते," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. मला वाटतं, सगळ्यांना हसायचं होतं.

"खरं सांगू का बाई," वामनराव खाली पाहत म्हणाले, "मले तवाच समजलं होतं. माह्या तोंडी हिशोबात तं दीडच्या आतच येत होते. म्हणलं, बँक देऊन राहिली अन् हे द्यायले तयार हायेत, मंग मी कायले नाही म्हणू. म्हणलं, पाच वर्स कोणी पाह्यले."

चतुराबाईने चौकटीला हात टेकला. गुडघ्यासाठी टेकला की रागाने, मला पर्सच्या फटीतून कळलं नाही.

"तवाच सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं मी शाळेतली खिचडी धरली असती. दोन वर्स वरुडले गेली नसती."

तिने एवढंच म्हटलं. आवाज चढवला असता तर वामनरावांनाही चढवता आला असता. पार्वताबाई तोंड उघडत होती, रागिणीने तिचा पदर ओढला. वामनरावांनी मागे वळून चक्कीच्या सैल पट्ट्याला हात लावून पाहिला.

"मशीनचे एक चाळीस," शेवटी वामनराव म्हणाले. "टिनाचं शेड मी विकत नाही. त्याचं महिन्याचं भाडं द्या. पयले सहा महिने नका देऊ."

"अन् वरचे दोनशे पंचावन्न?" पार्वताबाईने विचारलं. तिला राहवलं नाही.

"त्याचा पट्टा आणा. हा गेला हाय."

अशी ती चक्की गटाची झाली. तुम्ही म्हणाल, मग शेवट गोड झाला की. मित्रांनो, मलाही तसं म्हणता आलं असतं, जर मी फक्त किमती मोजत असतो. वरुडच्या दोन हंगामांत चतुराबाईच्या डाव्या गुडघ्याचं जे झालं ते कोणत्याही ठेवीत परत येत नाही. ती आता स्टुलावर बसते, दिवसभर बसते, आणि उठायची वेळ आली की गिऱ्हाईक पुढे होऊन तिला हात देतं. ज्या दिवशी असं तीनचार वेळा होतं, त्या दिवशी मी माझे आकडे जरा फिकट दाखवतो. तेवढंच माझ्या हातात आहे.

मी सध्या चक्कीवरच असतो. खिळ्याला अडकवलेल्या एका पिशवीत माझी जागा आहे. पिठाने माझी बटणं जड झाली आहेत, आठ आणि नऊ तर दाबल्यावर वर यायला वेळ घेतात. चतुराबाई आठवड्यातून एकदा मला जुन्या टूथब्रशने साफ करते. बाकीचे दिवस नाही. मला तक्रार नाही.

पण एक सांगतो. ती मला वापरते तेव्हा आधी ओठातल्या ओठात हिशोब करते. सतरा किलो ज्वारीचे किती, ते तिच्या मनात ठरतं. मग ती माझी बटणं दाबते. मग माझ्या उत्तराकडे मान तिरपी करून बघते, आणि दोन्ही जुळले नाहीत तर ती आधी माझ्यावर संशय घेते. मला झटकते. पुन्हा दाबते. कधी ती बरोबर असते, कधी मी. तिचा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही, आणि जन्माला आल्यापासून मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पण तुम्ही समजून घ्या. तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं मशीन असेल तर त्याला अधूनमधून पुसत जा. त्याचा सेल वेळेवर बदला. आणि त्याने दिलेल्या उत्तराने तुम्हाला फार आनंद झाला, तर तिथेच बसा, पेढे थोडे बाजूला ठेवा, आणि आपण त्याला नेमकं काय विचारलं होतं ते एकदा आठवून पाहा. आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्ही दाबाल तेवढं आम्ही देतो.